बेचाळिसातला शेवटचा दगड

दगडाच्या बुडाशी चुन्याचा पापुद्रा सुटला होता, त्याखाली आणखी एक, त्याखाली आणखी... प्राप्ती नखाने सोलत बसली होती — हा गेल्या दिवाळीचा, हा आपण शाळा सोडली त्या सालचा, हा तर बापाच्या लग्नाआधीचा असेल. बेटावरच्या प्रत्येक घराचा एक दगड. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना मिळून बेचाळीस, मधे गवत. दिवाळीआधी गवत कापायचं, शिंपल्या भाजून चुना करायचा आणि ज्याने त्याने आपला दगड रंगवायचा. विमान येवो न येवो. शेवटचं आलं त्याला चाळीस वर्षं झाली होती.

रेवदंड्याच्या बाजारात कुणी 'बेटावरची' म्हणून हसलं की ती फाडकन सांगायची, "तुमच्याकडं एसटी येते, आमच्याकडं विमान यायचं!" मास्तर वर्गात म्हणाले, तिथे म्हशी उतरत असतील — दप्तर उचलून ती निघाली, ती परत गेलीच नाही. कारण ते खरं होतं: बापाच्या जन्माच्या वेळी भर श्रावणात होड्या बंद होत्या, आजी अडली होती, आणि अख्ख्या गावाने दुपारपर्यंत गवत कापून ओला पेंढा पेटवला, वारा कुठला ते वरच्या पायलटला धुरावरून कळावं म्हणून. आणि ते उतरलं! बाप जन्मला मुंबईत. "जाताना विमानानं, येताना कोलंबीच्या टोपल्यांत," आजा हसून सांगायचा.

आज आजा हसत नव्हता. गुणाजी आजा काठीवर हनुवटी टेकून समुद्राकडे बघत होता. मोजणी खात्यातला निकेत फीत ओढत शेवटच्या जोडीपाशी आला होता. जुन्या नकाशात पट्टी तीस मीटर रुंद. सगळीकडे तेवढी भरली तर कागदावर विमानतळ राहणार, नाहीतर पडीक — आणि पडिकावर रिसॉर्टवाल्यांचा डोळा होताच. वीस जोड्या बरोबर भरल्या होत्या.

"इथे सव्वीस."

"पुन्हा मोज!"

"ताई, तीनदा मोजलं."

"मग फीत आटलीय तुझी."

"फीत आटत नाही. दगड कुणाचा?"

प्राप्तीने मागे वळून पाहिलं. दगडामागे त्यांचा वालाचा वाफा, आणि वाफ्याच्या बांधावर पांढरे डाग, वीतभर अंतराने, एकामागे एक, लांबवर... शिंपल्यांचा चुरा म्हणून लहानपणापासून बघितलेले. खरं तर दर दिवाळीला दगडावरून ठिबकलेला चुना. "जरा आत घे पोरी, तिकडं पाणी तुंबतं," आजा म्हणायचा — आणि तिने दगड दोन्ही हातांनी लोटलेला, दात खाऊन, धावपट्टीसाठी आपण काहीतरी करतोय म्हणून... दर साली वीतभर वाल.

"आजा?"

"घरात खाणारी तोंडं वाढली होती गं," तो समुद्राला म्हणाला. "आणि विमान तर येतच न्हवतं."

"सव्वीस लिहू?" निकेतने विचारलं.

नेहमीसारखा राग यायला हवा होता. ती वाट बघत राहिली, तो आला नाही. ती बांधावरून चालत गेली, डाग मोजत, अठरा, आणि शेवटच्या डागावर अनवाणी पाय रोवून उभी राहिली.

"दगड आमचा हाय," ती ओरडली, पलीकडच्या घरांनाही ऐकू जावं इतक्या मोठ्याने. "आम्हीच सरकवला. मी पण. खरी जागा ही. धर फीत!"

निकेत फीत हातात घेऊन तसाच उभा होता, कधी तिच्याकडे, कधी दगडाकडे बघत. तो येईल की नाही, कळत नव्हतं. पायाखाली चुना खरखरत होता, आणि बाजारात कधी नव्हती एवढी तिची मान ताठ होती.