हेल्वी शुद्धीतच राहणार

थंडर बे शहराच्या रस्त्यांवरचा बर्फ काढण्यात हेल्वी लेहतोनेनची उमर गेली होती. बर्फ ढकलायच्या उंच गाडीला चांगली पायरी होती, पण बाई रोज धाडकन खाली उडी मारायची! शेवटी घोट्याने हात टेकले. सांध्यात हाडाचे कपचे सुटे झाले होते. दोन बारीक छिद्रं पाडून, दुर्बिणीने बघत ते काढायचे, एवढंच ऑपरेशन. भांडण होतं ते भुलीवरून.

"पूर्ण भूल देतो," भूलतज्ज्ञ कॉरिगन म्हणाला. "झोपाल, उठाल, संपलं."

"आणि उठल्यावर कळ मारायला? अफूच्या जातीचंच ना काहीतरी? नको."

"अहो, अगदी थोडंसं. आमच्या नजरेखाली."

"पाठ धरली होती तेव्हाही तुमच्या लोकांनी थोडंसंच दिलं होतं!"

त्या थोड्याशापायी हेल्वीने लेकीच्या, सिनीच्या, बाळंतपणात तिच्याच दुखण्यावरच्या गोळ्या चोरल्या होत्या. पोटाचे टाके ओले असताना सिनी कळवळत बसली, आणि ही शेजारच्या खोलीत गुंगीत. त्यानंतर तिने गोळी शिवली नाही. आता सिनीची रजा संपत आली होती आणि बाळाला आईकडे ठेवायला ती कशीबशी तयार झाली होती. त्या औषधाचा कणही पोटात जाता कामा नये, हे तिने एकदाच बजावलं होतं. दुसऱ्यांदा सांगणारी पोर नव्हे ती.

शेवटी असं ठरलं, की पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर करायचं, हेल्वी जागी राहणार. गुडघ्यामागची नसही बधिर करू, म्हणजे रात्र निभावेल, हे कॉरिगनने आपणहून सुचवलं.

टेबलावर ती पाठ वाकवून बसली. सहज मान वळवली, तर कॉरिगन दुसरी कुपी फोडायच्या बेतात.

"ती कशाची?"

"ही? नेहमीचीच. सगळ्यांनाच घालतो थेंबभर, भूल छान लागते."

"कशाची, विचारलं मी."

त्याने कुपीवरचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. सवयीचा हात आपोआप गेला होता.

"फेंटानिल," तो पुटपुटला. "अफूच्याच जातीचं."

हेल्वी ताठ बसली. "तोंडाने हो म्हणता आणि हाताने हे धंदे? ठेवा ती खाली! नाहीतर मी अशीच, मागून उघड्या झग्यात, लंगडत घरी जाईन. बघू दे सगळ्या गावाला!"

सर्जनबाई मास्कआडून खुसखुसल्या. कॉरिगन हसला नाही. कुपी दूर ठेवून, हातमोजे बदलून त्याने सगळं नव्याने मांडलं. "चुकलो मी," तो म्हणाला. "वाकवा पाठ."

पुढे ऑपरेशन चालू असताना, रक्त अडवायला मांडीवर आवळलेला पट्टा बधिरपणातूनही ठणकायला लागला. "देऊ काही?" त्याने विचारलं. आपल्या मायबोलीत, फिनिशमध्ये, तिने जे ऐकवलं, ते त्याला कळलं नाही ते बरंच झालं.

नंतर सिनी बाळाला कडेवर घेऊन आली. कशी आहेस, वगैरे काही नाही. तिने आईची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि डोळ्यांत पाहिलं, त्या औषधाने होतात तशा बाहुल्या बारीक झाल्यात का ते. आधीची हेल्वी तिचा हात झटकून टाकती. आज तिनेच मान वर केली.

"बघ. नीट बघ. रोज बघ, मी कुठे पळतेय!"

सिनीने बराच वेळ पाहिलं. मग बाळाला तिच्या कुशीत दिलं.

"धर याला. मी कॉफी पिऊन येते," म्हणाली आणि दार ओढून निघून गेली.