पॅड बांधायला

यंदाचा चषक कुणीही न्यावा, रियाजभाईंची त्याला हरकत नव्हती. त्यांना एकच गोष्ट हवी होती. ज्ञानदेवने त्या तंबूत जाऊन बसावं आणि आतल्या मॅडमशी दोन शब्द बोलावेत.

तंबू होता 'मोकळीक' केंद्राचा. खडकी बाजाराच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर हे केंद्र चालतं. मन ठिकाणावर नसलेल्या माणसाला तिथे खुर्ची देतात, त्याचं शांतपणे ऐकून घेतात, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवतात, आणि फी त्याच्या ऐपतीवर सोडतात. असं ठिकाण नुसत्या सदिच्छांवर चालत नाही. म्हणून खडकीतल्या जुन्या हॉकीवाल्यांनी आपली हिवाळी स्पर्धा गेल्या वर्षापासून त्याच्या मदतीला जुंपली होती. संघांची प्रवेश फी केंद्राला, खाण्याच्या स्टॉलचा गल्ला केंद्राला, आणि वर मार्केट यार्डातले कांदा-बटाट्याचे अडते दत्तप्रसादशेठ यांनी प्रत्येक गोलामागे पाचशे रुपये जाहीर केलेले. शेठना हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. फुटबॉलसारखा एखाददुसरा गोल होईल, असा त्यांचा अंदाज. शुक्रवारी पहिल्याच सामन्यात गोलांची रांग लागली आणि तेव्हापासून शेठ दोन्हीकडच्या गोलकीपरांना प्रोत्साहन देऊ लागले.

रियाजभाई आणि ज्ञानदेव हे दोघंही दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. ऐन उमेदीत एकाच संघातून खेळले आणि साठी उलटली तरी प्रौढांच्या सामन्यात अजून उतरत. ज्ञानदेव गोलकीपर. रियाजभाई फुलबॅक, म्हणजे त्याच्या पुढ्यातला शेवटचा राखणदार. गोलकीपर मागून ओरडणार, "डावीकडे, पुढे हो, सोड त्याला," आणि फुलबॅकने मागे न बघता ऐकायचं, हा त्यांचा संसार होता.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात ज्ञानदेवची बायको इंदुबाई गेली आणि ज्ञानदेवने तोंडात मिठाची गुळणी धरली. काही महिन्यांनी तो पुन्हा संध्याकाळी मैदानावर येऊ लागला, जरा बोलूही लागला. पण दर गुरुवारी गायब. विचारलं तर म्हणायचा, "काम असतं." निवृत्त माणसाला दर गुरुवारी कसलं आलंय काम? रियाजभाईंनी मनाशी चित्र रंगवून टाकलं: हा दार लावून घेत असणार, इंदुबाईंच्या फोटोसमोर एकटा बसत असणार. त्या चित्राने रियाजभाईंची झोप उडाली, असं ते स्वतः सांगायचे.

खरं तर झोप त्याच्या आधीच उडाली होती. निवृत्त झाल्यापासून त्यांना भल्या पहाटे जाग यायची आणि मग पंखा बघत पडून राहावं लागायचं. मुलगा अयान हिंजवडीला राहायला गेला होता. खडकीहून हिंजवडी म्हणजे परदेशच. परदेश बरा, निदान विमान कधीतरी सुटतं. घरात बायको सितारा आणि ते, दोघंच. तिच्या हातच्या बिर्याणीला सगळी गल्ली नावाजायची, पण यांना ती हल्ली गोड लागेना. तांदूळच हल्ली बेचव येतो, असा त्यांनी निकाल दिला होता. पूर्वी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांच्या नकला बघायला माणसं चहा थंड करायची. नकला त्यांनी सोडल्या होत्या, कारण लोकांना आता विनोद कळत नाही. सिताराने एकदा विषय काढला, "अहो, तुम्हीच जरा त्या केंद्रात—" तिचं वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं नाही. "मला काय धाड भरलीय? ज्ञानदेवचं बघ."

तर शुक्रवारी तंबू लागला, तो मैदानाच्या फाटकाशीच. वर मोठा फलक: मनातलं बोला, आम्ही ऐकतोय. आत राजनंदिनी मॅडम, केंद्राच्या समुपदेशक, वहीपेन बाजूला ठेवून प्रसन्न चेहऱ्याने बसलेल्या. फाटकातून येणारा प्रत्येक माणूस फलक वाचायचा आणि तंबूला वळसा घालून जायचा. अख्ख्या खडकीच्या डोळ्यांदेखत त्या तंबूत शिरायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत घरी पाहुणे चौकशीला हजर. दिवसभरात दोनच माणसं आत गेली. एका आजींना रक्तदाब मोजून हवा होता आणि एका तरुणाला मोबाईल चार्जिंगला लावायचा होता.

"आजींशी छान गप्पा झाल्या," राजनंदिनी मॅडम संध्याकाळी म्हणाल्या. "मोबाईलवाला मात्र मोबाईल चार्ज झाल्यावर थांबला नाही."

रियाजभाईंचं घोडं इथेच अडलं होतं. ज्ञानदेव बुजरा माणूस. फाटकापाशी तो जन्मात आत जाणार नाही. विचार करता करता त्यांची नजर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे गोलच्या मागे चिंचेखाली एक पत्र्याची शेड होती. गोलकीपर तिथे जाऊन पॅड बांधायचे. गोलकीपरची तयारी म्हणजे लग्नातल्या नवरीची तयारी. पायांना जाड पॅड, बुटांवर किकर, छातीला चिलखत, आणि या सगळ्याचे पट्टे. वेळ लागतोच, आणि कुणी विचारत नाही.

"मॅडम, तंबू हलवू या. त्या शेडला लागून. मध्ये एक पडदा टाकू. अलीकडे पॅड, पलीकडे तुम्ही."

मॅडमनी एकदा शेडकडे पाहिलं, एकदा रियाजभाईंकडे पाहिलं. "कुणासाठी हलवतोय आपण?"

"आहे एक मित्र," रियाजभाई म्हणाले. तंबू हलवायला ज्ञानदेवनेच खांब धरला. फारच उत्साहाने धरला, आणि हे रियाजभाईंना शुभलक्षण वाटलं.

शनिवारी सकाळी चमत्कार झाला. संघात गोलकीपर असतो एक. बाकी कुणाला पॅड लागत नाहीत. पण त्या दिवशी जो तो पॅड बांधायला निघाला. आधी खरे गोलकीपर गेले. मग कॉलेजच्या संघातला एक फॉरवर्ड "आलोच, पॅड बांधून येतो," म्हणाला आणि बराच वेळ आला नाही. मग एक अंपायर गेला. दुपारी शाळेच्या मुलींच्या संघाची प्रशिक्षक गेली आणि डोळे पुसत पण हलकी होऊन परतली. शेवटी तर दत्तप्रसादशेठ, ज्यांनी जन्मात स्टिक हातात धरली नव्हती, पांढऱ्या लेंग्यावर धूळ उडू न देता चिंचेकडे निघाले. "कुठे शेठ?" कुणीतरी विचारलं. "जरा पॅड बघून येतो," शेठ म्हणाले. पुणेकर एरवी कुणाला टोमण्यावाचून सोडत नाहीत; त्या दिवशी मात्र कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळ्यांनी न कळल्यासारखं केलं. रियाजभाईंना आपल्या गावाचा कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच अभिमान वाटला.

चारच्या सुमारास प्रौढांचा सामना होता. त्याआधी रियाजभाई ज्ञानदेवला घेऊन शेडमध्ये गेले. ज्ञानदेवच्या चिलखताचा पाठीमागचा पट्टा बांधायचा तो रियाजभाईंनीच, अशी जुनी पद्धत होती. आज त्यांनी तो जगात कुणी बांधला नसेल इतका सावकाश बांधला. पडद्यापलीकडे मॅडम खोकल्या. रियाजभाईही खोकले.

"अजून वेळ आहे सामन्याला. बस निवांत. मी बाहेर थांबतो."

"पॅड बांधून झाले की," ज्ञानदेव म्हणाला. "आता बसून काय करू? वितळीन." आणि तो पेंग्विनसारखा डुलत बाहेर पडला.

सामन्यात रियाजभाईंचं लक्षच नव्हतं. पूर्वी मागून हाक आली की त्यांचे पाय आपोआप वळायचे. आज ज्ञानदेव घसा फोडून ओरडत होता, "रियाज, डावीकडे. अरे डावीकडे," आणि चेंडू त्यांच्या डावीकडूनच तीन वेळा सुटून गेला. तिन्ही वेळा ज्ञानदेवने तो अडवला. एकदा पायाने, एकदा आडवा पडून, एकदा कसा ते त्यालाही कळलं नाही. दत्तप्रसादशेठ खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. "हा माणूस सोनं आहे," ते शेजारच्यांना सांगत होते. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. केंद्राला फुटकी कवडी मिळाली नाही, म्हणून शेठनी आनंदाच्या भरात प्रत्येक अडवलेल्या चेंडूमागे वेगळे पैसे जाहीर केले, आणि मग हिशेब करून तोंड पाडून बसले.

शेडमध्ये पट्टा सोडताना रियाजभाईंचा धीर सुटला. आडून आडून खेळणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"ज्ञानदेव, स्पष्टच बोलतो. पलीकडे मॅडम बसल्यात. चांगल्या आहेत. इंदुवहिनी गेल्यापासून तू गुरुवारचा घरात कोंडून घेतोस, ते मला बघवत नाही. दोन मिनिटं बोल त्यांच्याशी. माझ्यासाठी बोल."

ज्ञानदेव बाकावर टेकला. घामेजलेल्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं आणि मग हळूहळू हसू पसरलं.

"राजनंदिनी मॅडमशी? अरे, गुरुवारी मी त्यांच्याकडेच असतो. गिरणीच्या वर. उन्हाळ्यापासून जातोय."

रियाजभाईंच्या हातातला पट्टा हातातच राहिला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सुरुवातीला लाज वाटली. मग वाटलं, तुला सांगितलं तर तू म्हणशील, बरं झालं, आणि विषय संपेल. तुझा विषय निघणारच नाही." ज्ञानदेवने किकर काढून बाजूला ठेवले. "तंबू इथे हलवायची शक्कल तू काढलीस तेव्हा मला किती बरं वाटलं. म्हटलं, आता रियाजला इथे आणता येईल."

"मला?"

"तुला. तू जगाला तोंड दाखवतोस, रियाज. मी गोलमध्ये उभा असतो, मला इतकी वर्षं तुझी पाठ दिसत आलीय. तुझ्या पाठीवरून मला कळायचं, आज घरी भांडून आलाय, आज पोरगा पास झालाय. गेली दोन वर्षं ती पाठ पडलीय. मी हाक मारतो आणि ती वळत नाही."

रियाजभाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तांदळाचं सांगावं, पंख्याचं सांगावं, लोकांना विनोद कळत नाही ते सांगावं, असं बरंच ओठांवर आलं आणि एकही गोष्ट स्वतःलाच पटेना. भीती वाटली, आणि त्या भीतीच्या मागोमाग इतकं बरं वाटलं की त्यांना बाकावर बसावं लागलं. कुणीतरी बघत होतं. इतके दिवस कुणीतरी मागून बघत होतं.

"काय झालंय मला?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते मला काय विचारतोस? मला फक्त पाठ दिसते," ज्ञानदेव म्हणाला. "बाकीचं त्या विचारतील. उद्या सकाळी ये, गर्दी नसते. मी बाहेर उभा राहतो. कुणी आलं तर अडवीन. आज तू बघितलंसच."

रविवारी सकाळी मैदानावर पाणी मारून झालं होतं. अंतिम सामन्याला अवकाश होता. खाण्याच्या स्टॉलवर सितारा चहाचं आधण उतरवत होती. रात्री रियाजभाईंनी तिला काही सांगितलं नव्हतं, फक्त खूप दिवसांनी दत्तप्रसादशेठांची नक्कल करून दाखवली होती, खुर्चीवर उभं राहून. ती हसता हसता रडली होती.

चिंचेखाली ज्ञानदेव एकटाच उभा होता. साध्या कपड्यांत, पण पाय फाकवून, दोन्ही हात सैल सोडून, गोलमध्ये उभा राहतो तसा. रियाजभाई शर्ट नीट करून त्या दिशेने निघाले.

"अहो, कुठे निघालात?" सिताराने हाक मारली. "चहा झालाय."

रियाजभाई थांबले, वळले.

"पॅड बांधायला," ते म्हणाले.

सिताराने लग्नापासून त्यांचे सामने पाहिले होते. या माणसाने आयुष्यात कधी पॅड बांधले नव्हते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने चहा कपात ओतला, वर बशी झाकली आणि कप त्यांच्यासाठी बाजूला ठेवून दिला.