खिडकीजवळची खुर्ची आणि गट क्रमांक १२०३

पॉसम क्रीक गावच्या डायनरमध्ये सकाळी सातला जी म्हातारी मंडळी कॉफी ढोसायला जमत, त्यांच्यात खिडकीजवळची खुर्ची सर्वांत ताजी बातमी आणणाऱ्याची. एकोणीस वर्षं ती व्हर्लिनची होती. कुठे आग लागली, कोणाची गाडी खड्ड्यात गेली, हे पोलिसांची नि बंबवाल्यांची बिनतारी बोलणी पकडणारा त्याचा रेडिओ स्कॅनर त्याला सगळ्यांच्या आधी सांगायचा.

मग काउंटीला, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना, अवदसा आठवली. पूर्वी प्रत्येक खात्याची ठरलेली रेडिओ-वाहिनी असे; आता सगळी बोलणी एका संगणकाच्या हाती गेली. जी वाहिनी मोकळी असेल ती तो देणार, पुढच्या वाक्याला दुसरीच. व्हर्लिनच्या जुन्या स्कॅनरला नुसती शेंडाबुडखा नसलेली वाक्यं ऐकू येऊ लागली. तीन आठवडे खुर्चीत ऑर्लो पाय पसरून बसला. हा निवृत्त पोस्टमन, आणि गावच्या अग्निशामक तुकडीतला हौशी स्वयंसेवक, तुकडीचा नवा रेडिओ कमरेला. व्हर्लिनला कॉफी गोड लागेना.

शेवटी त्याने नवा स्कॅनर आणला. गुरुवारी दुपारी त्याची बायको आर्डिथ चर्चमध्ये गोधड्या शिवायला निघाली.

"शेगडीवर बीन्स ठेवलेत. अर्ध्या तासाने ढवळ. ऐकलंस का?"

"ऐकलं गं बाई!"

"त्या डबड्याचं ऐकतोस तसं ऐक."

व्हर्लिन तळघरात उतरला आणि कानांवर हेडफोन चढवले. आधी संगणक जिच्यावरून हुकूम सोडतो ती वाहिनी भरली, मग एकेका खात्याच्या गटाचा क्रमांक: पोलीस, रुग्णवाहिका, शाळेच्या बस. आणि काय सांगू, स्कॅनर शिकारी कुत्र्यासारखा बोलण्यामागे धावू लागला! व्हर्लिनच्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त १२०३ वर, म्हणजे गावच्या अग्निशामक गटावर, ऑर्लो "हॅलो, येतोय का आवाज?" करत अखंड चाचणी घेत होता.

"मर मेल्या," म्हणत व्हर्लिनने तेवढा गट बंद केला. नंतर उघडू.

मग तास कसा गेला कळलंच नाही. महामार्गावर तीन गाई आल्या, एका बसचं दार अडकलं. तो उद्यासाठी सगळं वहीत उतरवत होता, एवढ्यात कोणीतरी त्याचे हेडफोन उपटले. डोक्यावर शिरस्त्राण, हातात ठिबकता पाइप, समोर साक्षात ऑर्लो.

"तू माझ्या घरात काय करतोयस?"

"विझवतोय! शेजारणीने फोन केला. दहा मिनिटं रेडिओवर तुझाच पत्ता ओरडतोय मी, बहिऱ्या!"

घर वाचलं. पडदा, पातेलं आणि बीन्स मात्र गेले. संध्याकाळी आर्डिथने सगळं पाहिलं आणि ते जळकं पातेलं न घासताच पिशवीत घातलं. व्हर्लिनला त्याचीच जास्त भीती वाटली.

सकाळी ती घरात दिसेना. निदान आपली फजिती आपणच आधी सांगावी म्हणून तो पावणेसातलाच डायनरमध्ये पोचला. मंडळी त्याच्याही आधी जमून हसून हसून टेबलावर आडवी झाली होती, त्यांत ऑर्लोही. खिडकीजवळच्या खुर्चीत आर्डिथ बसली होती, पुढ्यात ते काळंठिक्कर पातेलं.

"ये, बस," ती म्हणाली. "गोष्टीत आत्ता कुठे तू तळघरात उतरतोयस."