उजवा काठ

"मॅडम, तुम्ही उजव्या काठानंच चालसान ना?" टोपी कानांवर ओढत पुष्पांजलीनं विचारलं.

"हाव. तू पाण्याकडं ध्यान दे." जयमालाबाई धडधडीत खोटं बोलल्या.

मलकापूरच्या पोरांना पोहायला शिकवण्यात बाईंचं निम्मं आयुष्य गेलं होतं. गेल्या महिन्यात त्या पहिल्यांदाच प्रशिक्षकांच्या शिबिराला पुण्याला गेल्या. आता या वयात काय शिकायचं, असं म्हणत गेल्या आणि नाक कापून घेऊन आल्या. तिथं प्रत्येकानं आपल्या एका विद्यार्थ्याचा व्हिडिओ दाखवायचा होता. बाईंनी मोठ्या हौसेनं पुष्पांजलीचा दाखवला.

तिथले सर म्हणाले, "ही श्वास घेत नाहीये, कोणाला तरी शोधतेय. मान जास्त वळते, म्हणून कंबर वाकडी होते आणि वेग तुटतो. काठावरून कोण चालतं?"

"मीच," बाई म्हणाल्या. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

हसण्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. पुष्पांजली लहानपणी पाण्याला इतकी भ्यायची की पायरी सोडत नसे. तेव्हा बाईंनीच शब्द दिला होता, "मान वळव, मी दिसीन." शब्दाला बाई पक्क्या. पोरगी दोन वर्षं जिल्ह्याच्या निवडीत थोडक्यात हुकत होती आणि बाई तिलाच बोल लावत होत्या, की तू जीव लावून पोहत नाहीस. आजची निवड स्पर्धा ही या वयोगटातली तिची शेवटची संधी होती.

परतल्यावर त्यांनी खूप समजावलं. पण बाई काठावर दिसल्या की पोरीची मान वळायचीच. एकदा त्या मुद्दाम बाजूला झाल्या, तर ती मध्येच थांबली.

शिट्टी वाजली, तशा बाई कपडे बदलायच्या खोलीमागं जाऊन उभ्या राहिल्या. चोरी केल्यासारखं वाटत होतं. भिंतीपलीकडं एकच ओरडा चालला होता. पोरगी आजही थांबली तर? दोनदा पाय पुढं पडला, दोनदा त्यांनी तो मागं घेतला.

थोड्या वेळानं पुष्पांजली निथळत शोधत आली. "दुसरी आली मी! निवड झाली!" मग तिचा चेहरा उतरला. "तुम्ही कुठी होत्या? मान वळोली त् नव्हत्याच. मंग मी पाह्यलंच नाही तिकडं. लय राग आला, रागानंच पोहली."

"बरं केलं," बाई म्हणाल्या.

मैत्रिणींनी हाक मारली, तशी पुष्पांजली पळाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. बाईंना आनंद झाला होता आणि रडूही येत होतं. त्यांनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत स्पर्धेच्या दिवशी त्यांच्या चपला पहिल्यांदाच कोरड्या होत्या.