हळदीच्या पाण्यातला हात

मावला गावच्या मारुतीच्या मंडपात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कीर्तनाला एवढी माणसं आली असती तर माझा जीव सुखावला असता. पण गर्दी जमली होती ती एका बाईच्या हाताला डाग देताना पाहायला. काहींनी तर मोबाइल आधीच वर धरून ठेवले होते.

मधोमध पितळी परात, तिच्यात हळदीचं पाणी. परातीमागं वाघाच्या पट्ट्यांची चादर अंथरून कुलदीप महाराज बसलेले. शेजारी कोळशाची शेगडी आणि तिच्यात तापत ठेवलेलं खुरपं. आमचे टाळकरी उभे राहतात त्याच जागी ती शेगडी होती. 

प्रकरण रोपांचं होतं. नागोरावची रोपवाटिका गावात एकच. वांगी, टमाटे, मिरची, साऱ्या माळव्याची रोपं तिथूनच जायची. बी मात्र त्याची विधवा भावजय टाकायची, सोजरबाई. तिच्या हाताला गुण आहे, असं सगळं गाव म्हणे. लोक तिला आपल्या वाफ्यावर नेत, पहिली चिमूट तिच्या हातून टाकून घेत आणि निघताना पदरात ज्वारी घालत.

यंदा पोळ्यानंतर रोपं जळाली. उगवली झकास, आणि मग पानांच्या कडा करपल्या, शेंडे वळले, ओल असूनही रोपं माना टाकायला लागली. रोपांच्या प्लास्टिक कपातल्या मातीवर मिठासारखी पांढरी खार चढली. लोकांनी डोकं चालवलं ते एवढंच: बी तेच, पाणी तेच, म्हणजे हात फिरला. एक बोलला, दुसऱ्यानं फोडणी दिली, तिसऱ्यानं तिच्या वाटेवरून पोरं बाजूला ओढली. निर्मल शहराच्या रस्त्यानं फिरत आलेले कुलदीप महाराज हॉटेलात चहा पीत हे सगळं ऐकत बसले होते. अंतर्ज्ञानाला एवढं पुरतं.

"ये जो मिट्टी पर सफेद आया है, वो चेटकीचं मीठ आहे," महाराज त्यांच्या मिसळीच्या बोलीत सांगत होते. "जिच्या हातून आलं, तिचा हात हळद ओळखते. हल्दी माँ है. माँ के सामने झूठ नहीं चलता. पाप असेल तर रक्त दिसेल. मैं कुछ नहीं करता, मैं सिर्फ बैठता हूँ."

"बसाले तर आमीबी बसतो जी," मागून भिवाजी बोलला. "आमाले काऊन काई दिसत नाई?"

दोघंतिघं हसले. महाराजांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बाया रांगेत उभ्या होत्या. चंदन नावाचा चेला प्रत्येकीच्या हातावर तांब्यातलं तीर्थ ओतायचा, ती परातीत बोटं बुडवायची आणि वर काढायची. पिवळी. पुढची. पिवळी. हात वर झाला की बाई देवाला नमस्कार करायची आणि मग वळून सोजरबाईकडं पाहायची. कालपरवापर्यंत तिच्याकडून मिरचीचं बी टाकून घेणाऱ्या बाया या.

"चाल वयनी," नागोरावनं तिचं मनगट धरलं होतं. "खरी असशील तर भेतं काऊन?"

"भेत नाई मी. मनगट सोड, मी येते."

तो सोडेना. तिच्या हातावर तीर्थ पडलं, तिनं बोटं बुडवली, आणि बोटांभोवतीचं पाणी लाल झालं. हात वर आला तो लालभडक.

मंडपात एकदम कालवा उठला. "पायलं का?" "म्हटलं होतं ना मी." मोबाइल पुढं सरकले. महाराजांनी शांतपणे निकाल दिला. "इस हाथ को आग देनी पडेगी. डाग दिला की हा हात पुन्हा बीजाला लागायचा नाही. कभी नहीं."

सोजरबाई आपल्या बोटांकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "माह्याच हातानं लोकायचं नुकसान झालं असन, तर द्या डाग."

यापेक्षा घाण गोष्ट मी त्या मंडपात ऐकलेली नाही. त्या भामट्यानं नुसता हात रंगवला नव्हता, बाईला स्वतःच्याच हाताची भीती घातली होती. आणि खांबाला टेकून नागोरावचा पोरगा भूषण नखं कुरतडत उभा होता.

चंदननं खुरप्याच्या मुठीला फडकं गुंडाळलं, तेवढ्यात बाजाच्या पेटीजवळ बसलेल्या जान्हवीताई उठल्या. ताई आदिलाबादच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि रविवारी कीर्तन करतात. त्यांचं आख्यान ऐकताना मी कितीदा डोळे पुसले आहेत. यानंतर मंडपात त्यांचंच कीर्तन होतं, म्हणून त्या आधी येऊन अगदी पुढं बसल्या होत्या.

"महाराज, एक विचारू?"

"यहाँ प्रश्न नहीं, श्रद्धा चाहिए."

"आमच्या कीर्तनात दोन्ही चालतं. चंदन, तुझ्याजवळ दोन तांबे आहेत. सगळ्या बायांना तू डाव्या हातातल्या तांब्यातलं पाणी दिलंस. सोजरमावशींना उजव्यातलं. काऊन रे?"

चंदननं महाराजांकडं पाहिलं. "इसका तीर्थ खतम हो गया था."

भिवाजीनं पुढं होऊन डावा तांब्या उचलला आणि हलवला. "अर्धा भरला हाये बाप्पा."

ताईंनी उजवा तांब्या घेतला. कुणी काही बोलायच्या आत त्यातलं पाणी स्वतःच्या हातावर ओतलं आणि हात परातीत घातला. वर काढला तेव्हा तोही लाल.

"घ्या. दोन चेटक्या झाल्या. खुरपं एकच तापवलंय का?"

 ताई तांब्या घेऊन महाराजांकडं वळल्या. "आता तुमचा हात."

महाराजांनी दोन्ही हात शालीत ओढून घेतले. "मेरा हाथ सिद्ध है. त्याला पाणी चालत नाही."

"मंग आंघोयीचं कसं करता जी?" भिवाजीनं विचारलं.

या वेळी हसू मंडपभर गेलं. ताई मात्र हसल्या नाहीत. चिडल्या की त्यांचा आवाज खाली येतो, तसा आला होता.

"ही चुन्याची निवळी आहे. पानाचा चुना पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं. दिसतं साध्या पाण्यासारखं. हळदीला चुना लागला की ती लाल होते. ही तिची जात आहे, कुणाचं पाप नाही. बायांनो, तुमच्या आज्या घरी कुंकू कशाचं करत होत्या? लुगड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, तेव्हा कुणाला डागता तुम्ही?"

महाराजांच्याच पूजेतलं लिंबू त्यांनी कापलं आणि सोजरबाईच्या बोटांवर पिळलं. लाल रंग उतरत गेला, बोटं पुन्हा पिवळी झाली. "झालं पापक्षालन. अर्ध्या लिंबात."

बाया एकमेकींच्या कपाळांकडं पाहायला लागल्या. रोज सकाळी आरशासमोर उभ्या राहणाऱ्या, हळदीकुंकवाची ताटं फिरवणाऱ्या बाया. आणि आम्ही बाप्ये काय, हातावर चुना मळत बसलो होतो, काहींच्या तर तेव्हाही हातातच डबी होती.

"ते सोडा," नागोराव चिडून म्हणाला. "रोपं तर जयाली ना? ते कोनं केलं?"

प्रश्न खरा होता. ताईंनी रोपाचा एक कप मागवला. रोप उपटून मातीचा गोळा फोडला तर असा भपका सुटला की पुढच्या रांगेनं नाकाला पदर लावले. मुळांची टोकं तपकिरी पडून झडली होती.

"यात काय काय घातलंय?" ताईंनी विचारलं. "माती कुणी कालवली?"

नागोरावनं पोराकडं पाहिलं. भूषणनं कुरतडलेलं नख थुंकलं.

"अर्धं कोंबडखत घातलं. ताजं. वरतून डीएपी अन् युरिया. रोप लवकर काळंभोर होते, मंग बाजारात हातोहात जाते."

सोजरबाई त्याच्याकडं वळली. "भूषण, खुरपं शेगडीत घातलं तवा तू इथंच होता ना रे?"

भूषणनं मान खाली घातली. मला त्या महाराजाची जेवढी किळस आली होती, तेवढीच त्या खाली गेलेल्या मानेची आली. महाराज तरी परका होता. हा तिच्या मांडीवर वाढलेला पोरगा. पहिल्या दिवसापासून त्याला कारण ठाऊक होतं, आणि चुलतीचा हात भाजेपर्यंत तो गप्प राहणार होता.

"कैरीच्या फोडींना मीठ लावलं की काय होतं?" ताईंनी बायांना विचारलं.

"पाणी सुटते," पाचसहा जणी एकदम बोलल्या.

"तसंच हे. जास्त खत म्हणजे मातीत क्षारच क्षार. मुळानं पाणी ओढायचं, तर खारट माती मुळातलंच पाणी ओढून घेते. म्हणून ओल असून रोप सुकतं. त्यात ताज्या कोंबडखताची उष्णता आणि हा भपक्याचा अमोनिया वायू, त्यानं मुळं भाजतात. वरची पांढरी खार म्हणजे तुमचंच खत, सुकून वर आलेलं. उष्टावण झालं नाही त्या बाळाला कुणी पुरणपोळी भरवतं का? भरवली आणि बाळ आजारी पडलं, तर दाईचा हात जाळायचा?"

 पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलेले अमृतराव, मंदिर समितीचे अध्यक्ष, उठून म्हणाले की आपल्याला त्या बाबाचा पहिल्यापासून संशय होताच. परातीला पहिला नारळ त्यांनीच फोडला होता. तोवर महाराज उठले होते आणि चंदन चादरीची घडी करत होता. भिवाजीनं त्याच्या हातातली चादर काढून खाली टाकली, "बसा जी, बसाचं काम तुमचंच हाये," आणि ठाण्यात फोन लावला.

ताई म्हणाल्या, आज कीर्तन इथं नाही, नागोरावच्या रोपवाटिकेत. खरोखर माणसं तिकडं गेली. कपांच्या बुडाला छिद्रं मोठी केली, साधं पाणी हळूहळू ओतून खालून वाहू दिलं, पुन्हा ओतलं. खार धुऊन गेली. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण मोकळी, आल्यावर जी रोपं तग धरून होती ती नव्या मातीत हलवली. शेतातली माती, नदीची वाळू, जुनं मुरलेलं शेणखत चाळून मूठभर, आणि रासायनिक खत चिमूटही नाही. कोंबडखत बाहेर कुजायला टाकलं. ते शेतात, रोप मोठं झाल्यावर. बरीच रोपं गेली. पण उरलेल्यांना नवी पानं फुटली, मंत्र न म्हणता.

पानं फुटली तशी गावाची जीभही फिरली. वाफ्यावर चला म्हणून लोक पुन्हा सोजरबाईच्या दारात. हाताला गुण आहेच, म्हणू लागले. तिनं कुणाला आत बोलावलं नाही. "माह्या हातात तवाबी काई नव्हतं अन् आताबी काई नाई," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "आपलं बी आपण टाका. माती धड कालवा."

मी देव मानतो, नाम घेतो, टाळ हातात आला की घरदार विसरतो. म्हणूनच सांगतो, जो देव हळदीत बसून गरीब बाईवर आळ घेईल तो माझा नव्हे, कुणाचाच नव्हे. आणि ज्या बाईच्या हाताला आपण उगाच देवपण देतो, त्याच हाताला उद्या चेटूक चिकटवायला आपल्याला वेळ लागत नाही. दोन्ही खोटं. रोप जळालं तर माती हुंगा, मूळ पाहा, काय घातलं ते विचारा. कुणी चमत्कार दाखवला तर तांब्यात काय आहे ते आधी पाहा. त्या दुपारी मंडपभर माणसं होती आणि प्रश्न विचारायला उठली एकच. ती पेटीजवळ बसली नसती, तर सोजरबाईचा हात भाजला असता आणि आम्ही प्रसाद घेऊन घरी गेलो असतो.