थांबवून ठेवलंय

ती सोफ्यावरून उठली तसा बाबांनी रिमोट उचलला, आणि पडद्यावरची वकीलबाई बोट वर करून, तोंड अर्धवट उघडं ठेवून जागच्या जागी थांबली.

"सावकाश कर गं," सासरे म्हणाले. "ही काही कुठं जात नाही."

"तुम्ही बघा ना बाबा. मी आवरून येते."

"छे. दोघांनी मिळूनच बघायचं."

झालं. म्हणजे आता घाई आली. तिनं स्वयंपाकघरात जाऊन दूध गॅसवर ठेवलं, नळ सोडला आणि कढईला हात घातला. दिवसभर ती पडद्यांच्या कापडाच्या दुकानात उभी असे. गिऱ्हाईक बोट दाखवी, ती तागा काढी, उलगडी, 'जरा फिका नाही का?' ऐकून घेई आणि पुन्हा गुंडाळून ठेवी. संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांचे दगड व्हायचे. तरी पूर्वी भांड्यांची वेळ बरी असे. कोमट पाणी, साबणाचा फेस, कुणी काही विचारत नाही. बाहेर टीव्ही आपला बडबडत असायचा आणि तेवढा वेळ तिचा तिला मिळायचा. आता बाहेर सगळं चिडीचूप. तिची वाट बघत माणूस बसलाय हे तिच्या पाठीला कळत राही. बाबा खाकरतसुद्धा नसत, आणि तेच तिला जास्त जड जाई.

टीव्ही असा थांबवणारा हा रेकॉर्डर तिच्या नवऱ्यानं आणला होता. घरात त्याला सगळे डबा म्हणत. नवरा छापखान्यात दुसऱ्या पाळीला, त्यामुळे संध्याकाळी घरात ही दोघंच. चालू कार्यक्रम मध्येच थांबवायचा, उरलेला डबा आपल्या पोटात ठेवून घेतो, एवढं त्यानं बापाला दाखवलं. कपडे धुण्याच्या मशीनपुढं हात टेकलेल्या बाबांनी हे एक बटण मात्र दिवसभरात पाठ केलं. ती दूध बघायला उठली, थांबवलं. दार उघडायला गेली, थांबवलं. ती लवकर झोपली तर बाबा एकटे बघत नसत, मग दुसऱ्या दिवशी दोन भाग. दुकानात मालाची मोजदाद होती तेव्हा आठवडाभराचे भाग साठले, न धुतलेल्या कपड्यांसारखे.

तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं होतं.

"अगं, कौतुकानं करतात ते. लोकांचे सासरे बघ जरा. तुला सुख बोचतंय."

बोचतच होतं. पण हे सांगायचं कुणाला? शिव्या घालणाऱ्या माणसाविरुद्ध बोलता येतं, माया करणाऱ्याविरुद्ध काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. तिनं हात पुसले, बाहेर येऊन बसली. वकीलबाईचं बोट खाली आलं आणि खटला पुढं सुरू झाला. पाच मिनिटांत तिला डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा वकीलबाई पुन्हा थिजली होती आणि बाबा शांतपणे भिंतीकडे बघत बसले होते.

"थांबवून ठेवलंय," ते म्हणाले. "दमलीस ना."

पुढच्याच आठवड्यात डब्यातून खरखर आली, लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि त्यानं मान टाकली. दुरुस्तीचं दुकान तिच्या कामाच्या वाटेवरच होतं. संध्याकाळी चौकशीला गेली तर दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडून ठेवलं होतं.

"काही विशेष नाही ताई, आतली डिस्क गेलीय. नवी मागवतो, परवा घेऊन जा."

हो म्हणायचं, एवढंच काम होतं. तिनं त्या उघड्या डब्याकडे पाहिलं.

"राहू द्या सध्या," ती म्हणाली. "घाई नाही."

"अहो, छोटं काम आहे."

"असू दे. मी सांगेन."

त्यानं खांदे उडवले आणि नंबर विचारला. दुकानात मोबाइल कपाटात ठेवावा लागे, म्हणून सवयीनं तिनं घरचाच दिला.

घरी येऊन तिनं चपला काढता काढताच सांगून टाकलं, "पार्ट मिळत नाही म्हणे. मॉडेल जुनं झालं."

"वर्षात जुनं झालं?"

"हल्ली तसंच असतं, बाबा."

बाबांना ते पटलं. एवढ्या सहज पटलं याचंच तिला वाईट वाटलं. पण रात्रीची भांडी घासताना बाहेर टीव्ही न थांबता चालू राहिला, आणि कितीतरी दिवसांनी तिनं एक पातेलं उगाचच दोनदा विसळलं. बाबा सोफ्यावरून ओरडून बातम्या देत होते. "अगं, साक्षीदार फुटला!" ती "हो का?" म्हणे आणि पाण्याखाली हात धरून उभी राही. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि ती सिंकपाशी पोचते न पोचते तोच बाबा मागून आले. बाह्या वर केलेल्या होत्या.

"हो बाजूला."

"काय हवंय? मी देते."

"काही नको. टीव्ही तर आता थांबत नाही. मग दोघांपैकी एकानं उठायचं. ते रोज तूच का?"

"अहो बाबा, असू दे, मला सवय आहे."

"तुझ्या सासूलाही होती." त्यांनी घासणी उचलली, उलटसुलट करून पाहिली. "तिनं जन्मभर मालिका ऐकल्या, इथं उभी राहून. एकदा दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो, तिथं टीव्ही चालू होता. तर मला म्हणते, 'अय्या, हा आवाज याचा होय? मला वाटायचं हा चांगला उंच असेल.' मी हसलो होतो तेव्हा. घरी येऊन चार जणांना सांगितलं, विनोद म्हणून."

बाबांनी भसकन नळ सोडला, अर्धं पाणी सदऱ्यावर.

"जा, बस. आज निकाल आहे. नीट बघ, मला सगळं सांगावं लागेल."

ती येऊन बसली. पाय वर घेतले. समोर कोर्ट भरलं होतं, मागं ताटल्या आपटत होत्या. वकीलबाई उठून उभी राहिली आणि तेवढ्यात आत नळ बंद झाला. तिचं बोलणं संपलं, नळ सुरू झाला. न्यायाधीशांनी चष्मा काढला, नळ पुन्हा बंद. तिनं रिमोट घेऊन आवाज वाढवला, आणखी वाढवला. डोळे मिटत होते तरी तिनं ते ताणून उघडे ठेवले आणि शेवटपर्यंत पाहिलं.

बाबा सदऱ्याला हात पुसत बाहेर आले. पोटावर सगळं ओलं.

"बाबा," ती घाईनं म्हणाली, "तो पार्ट मिळाला म्हणे. उद्या येताना डबा घेऊन येते."

बाबा सावकाश खाली बसले. गुडघा चोळला.

"राहू दे की. मी सांगितलंय त्याला, घाई नाही म्हणून."

"कुणाला?"

"दुरुस्तीवाल्याला. काल दुपारी त्याचा फोन आला होता. छोटं काम आहे म्हणत होता." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. टीव्हीकडे बघून हनुवटीनं खूण केली. "हं, सांग आता. सुटला का तो?"

टीव्हीवर जाहिराती लागल्या होत्या. तिनं आवाज बंद केला, सोफ्यावर जरा सरकून त्यांच्याकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून सांगायला लागली.

"आधी ती वकीलबाई उठली. आज पांढरी साडी होती तिची."

"बरं," बाबा म्हणाले, आणि ऐकायला नीट सावरून बसले.