गेणबाचं ‘व्हय’ गावभर झालं

कानावर हात ठेवू नका मित्रांनो, आज मी हळू बोलणार आहे. मी एक जुना कर्णा आहे. लग्नात, जत्रेत, ग्रामसभेत खांबाला तारेने आवळून बांधलेला, धोतऱ्याच्या फुलासारख्या तोंडाचा भोंगा तुम्ही पाहिला असेल, तोच मी. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं ओरडून सांगितलं. आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगतो आहे, तेव्हा थोडी फुशारकी झाली तर चालवून घ्या. फुशारकी मारावी असं एक काम माझ्या तोंडून खरोखर झालं आहे.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमची गोल चकती फिरत्या साच्यावर दाबत दाबत कारागिरांनी मला आकार दिला. दिसायला मी भलताच देखणा होतो. दौंडच्या एका मंडपवाल्याने मला उचललं आणि माझी चैन सुरू झाली. जीपच्या टपावर बसून मी भांडगावापासून भीमेच्या काठापर्यंत सगळी गावं पालथी घातली. किती वऱ्हाडांना जेवायला बोलावलं आणि किती रुसलेल्या व्याह्यांची नावं पुकारली, त्याला गणती नाही. पुढे मंडपवाल्याने कपाटाएवढे साउंडबॉक्स आणले आणि मला आमच्या गावच्या पंचायतीला देऊन टाकलं. आमचं गाव निमोण्याच्या शेजारी आहे. नकाशात शोधू नका, सापडणार नाही.

पंचायतीपुढच्या लिंबाच्या झाडावर मला बसवलं. तिथे मी फार मानाने राहिलो. नळाला पाणी सुटलं, पोलिओचे डोस आले, कुणाची चुकार शेळी सापडली, सगळं माझ्याच तोंडून गावाला कळायचं. बायका हातातली भाकरी तव्यावर तशीच सोडून अंगणात यायच्या. मग गावात व्हॉट्सॲपचा ग्रुप झाला आणि मला कुणी विचारेना. माझ्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केलं. ज्या तोंडाने मंगलाष्टका म्हटल्या, त्या तोंडात माश्या! मला फार वाईट वाटायचं. पण गरज सरो, वैद्य मरो, ही रीत काही माझ्यापासून सुरू झालेली नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. मला खरं-खोटं कळत नाही. माईकमध्ये शहाणा बोलो नाहीतर रिकामटेकडा, मी दोघांचाही आवाज सारखाच मोठा करतो. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं समजेल.

गेल्या मार्गशीर्षात आमच्याकडे नको तेव्हा पाऊस आला. दिवसभर गार वारं आणि वर पाण्याची धार. मेंढरं उघड्या रानात जाळीच्या कुंपणात होती. लोकर भिजली, अंगातली ऊब गेली आणि जनावरं उभी होती तिथेच आडवी झाली. बिरदेवचा अर्धा कळप एका दिवसात गेला. बिरदेव म्हणजे म्हाताऱ्या गिताबाई धनगरिणीचा मुलगा. घरची शेती आता बरी आहे, पण मेंढरं त्याच्या घराण्याचा जीव. मेलेली कोकरं ओळीने मांडून तो त्यांच्याजवळ बसला होता, ते मी लिंबावरून पाहिलं. माझ्या गळ्यात वीज असती तर मी त्या दिवशी नक्की ओरडलो असतो.

बिरदेवची मुलगी अंकिता शिरूरच्या कॉलेजात शिकते. तिने धोशा लावला, की गायरानावर पंचायतीने पक्का निवारा बांधावा. थंडीतल्या पावसात मेंढरं आत जातील आणि उन्हाळ्यात मजुरांनाही सावली होईल. बिरदेवने मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं.

“सभेत निवारा मंजूर झाला तर ठीक,” तो म्हणाला. “न्हाई तर येत्या बाजारी उरलेली समदी मेंढरं इकणार. पुन्यांदा असं मरण मला बघायचं न्हाई.”

सरपंच विश्वजीत हा मनाने वाईट नव्हे. हसरा, कामाचा, पोरांना क्रिकेटचं साहित्य आणून देणारा गडी. पण त्याच्या मनात गावाच्या वेशीवर झकास कमान बांधायची होती, आणि पंचायतीकडे निधी एकाच कामापुरता. ग्रामसभा भरली. व्हॉट्सॲपवर सभा घेता येत नाही, म्हणून माझ्या तोंडातलं घर काढून मला पुसलं आणि तार जोडली. कितीतरी दिवसांनी माझ्यात वीज खेळली!

विश्वजीतने माईक घेतला.

“गेल्या साली पाऊस आला, कबूल. पण असं एखाद्या वर्षी व्हतंच. हवामान बदललंय, आता हे सारखंच व्हणार, असं अंकिता म्हणती. मी फोनवर व्हिडिओ बघितलेत. एक शास्त्रज्ञ म्हणतो बदललंय, दुसरा म्हणतो कायबी बदललं न्हाई. म्हंजी त्यांचंच अजून ठरलं न्हाई. त्यांचं ठरू द्या, मग आपण निवारा बांधू. तवर कमान!”

माझ्या तोंडून ते इतकं झोकात बाहेर पडलं, की अर्ध्या सभेने मान डोलावली. एक इकडचा, एक तिकडचा, म्हणजे निम्मं-निम्मं. हिशेब कसा सरळ वाटतो की नाही?

अंकिताने माईक घेतलाच नाही. तिने हात केला आणि बिरदेवने राहिलेला कळप पंचायतीपुढून हाकला. एकामागून एक मेंढरं जाऊ लागली. सगळी काळी-पांढरी. पार शेवटी दोन मेंढरं आली, त्यांच्या पाठीवर लाल रंग फासलेला.

“ही मेंढरं म्हंजी या विषयावर काम करणारे शास्त्रज्ञ समजा,” अंकिता म्हणाली. “हवामान बदलतंय आन् ते माणसामुळं बदलतंय, असं म्हणणारी ही बिनरंगी. न्हाई म्हणणारी ती लाल. फोनमध्ये सरपंचदादांना एक बिनरंगी दिसलं आन् एक लाल, म्हणून निम्मं वाटलं. आख्खा कळप बघा की!”

लोक चकित झाले. कुणी टाळी वाजवली. मी मनात म्हटलं, पोरीने मैदान मारलं! पण विश्वजीतही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

“आगं अंकिता, मेंढरंच आणलीस व्हय?” तो माझ्यातून खदखदून हसला. “एक खड्ड्यात गेलं की समदी त्याच्यामागं खड्ड्यात! तुझे शास्त्रज्ञ बी असेच. एकानं म्हटलं, की बाकीचे ब्यॅऽऽ करत मागं!”

सभा हसून हसून लोळायची बाकी राहिली. आणि ते हसू मी दसपट करून शिवारभर पसरवलं. अंकिताचा चेहरा उतरला. धनगराच्या पोरीने मेंढरांचाच दाखला द्यावा आणि तोच अंगावर यावा! बिरदेवने काठी उचलली आणि तो कळपाकडे वळला. त्याच्या पाठीकडे पाहूनच कळत होतं, की मनाने तो बाजारात पोचला आहे.

तेवढ्यात लाईट गेली. मी मुका झालो.

आणि गिताबाई उभी राहिली. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावरच्या कळपाला हाळी देणारा तो गळा. तिला माझी गरजच नव्हती.

“सरपंच बोललं ते खरं हाय,” ती म्हणाली. “मेंढरू मेंढराच्या मागं जातं. म्हणून तर आम्ही मेंढरांना इचारत न्हाई, राखणाऱ्यांना इचारतो. त्यातबी घरच्याला न्हाई. माझा लेक माझंच म्हणंल. इचारायचं त्याला, ज्याचं माझ्याशी पटत न्हाई.” आणि तिने हाक मारली, “गेणबा, म्होरं ये!”

सगळ्यांच्या माना वळल्या. मित्रांनो, गेणबा हाही गावातलाच मेंढपाळ, आणि त्याच्यात व गिताबाईत एका मेंढ्यावरून वैर होतं. तो म्हणे माझा, ती म्हणे माझा. मेंढा कधीच मरून गेला, भांडण मात्र अजून चरतच होतं. गिताबाई पूर्वेकडे बोट दाखवील तर गेणबा सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणायचा. तो कपाळाला आठ्या घालून टेबलाजवळ आला.

“आम्ही मावळतीला जातो, घाट उतरून कोकणात,” गिताबाई म्हणाली. “ह्यो उगवतीला जातो, दौंडावरनं भीमा वलांडून. वाटंवर गाठ पडत न्हाई, आन् पडली तरी आम्ही बोलत न्हाई. सरपंचा, कान इकडं कर. वाटंवर ऊन-पावसाचं मी काय बघितलं ते तुझ्या कानात सांगते. मग गेणबाला त्याचं मोठ्यानं सांगू दे.”

विश्वजीत हसत हसत वाकला. म्हातारी बराच वेळ त्याच्या कानात बोलली. मग गेणबाने घसा साफ केला.

“उन्हाळा अलीकडं सरकलाय,” तो कुणाकडे न बघता म्हणाला. “पूर्वी शिमगा झाल्यावर तळी आटायची, आता आधीच तळ दिसतो. पाऊस येतो तो एकदमच धबाधबा, मग दडी मारतो. आन् थंडीतला पाऊस... माझ्या आज्यानं कवा बघितलाच न्हाई असं न्हाई. पण असा सारखा सारखा न्हाई.”

गेणबा बोलत होता आणि माझं लक्ष विश्वजीतच्या तोंडाकडे होतं. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

“सरपंच, म्हातारीनं काय सांगितलं हो कानात?” मागून कुणीतरी विचारलं.

विश्वजीतने मान खाजवली. चाट पडलेला माणूस खोटं बोलू शकत नाही. “हेच,” तो म्हणाला. “जागा तेवढ्या निराळ्या. बाकी हेच.”

गिताबाई गेणबापुढे जाऊन उभी राहिली. “मग बोल की. माझं खरं हाय का न्हाई?”

गेणबा पुरता अडकला. खोटं बोलावं तर आत्ताच स्वतःच्या तोंडाने सांगून बसलेला. खरं बोलावं तर जन्माचं वैर! त्याने टेबलावर दोन्ही हात टेकले, मान खाली घातली. खाली मुका माईक पडला होता. तो पुटपुटला, आणि नेमकी त्याच क्षणी लाईट आली.

“व्हय! म्हातारीचं खरं हाय!”

अहाहा! मित्रांनो, मी ते असं फेकलं म्हणता! उसात पाणी धरणारे थांबले, दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली, लिंबावरचे कावळे उडाले. गेणबाने गिताबाईचं खरं मानलं, हे सगळ्या गावाने ऐकलं. आता ते परत घेणं ब्रह्मदेवालाही शक्य नव्हतं. सभेत टाळ्यांचा आणि शिट्ट्यांचा नुसता कडकडाट झाला.

अंकिताने आता माईक उचलला. तिचे डोळे चमकत होते.

“माझा दाखला चुकला, दादा. शास्त्रज्ञ मेंढरांसारखे न्हाईत. ते आज्जी आन् गेणबामामांसारखे हायेत! कुणी समुद्र मोजतो, कुणी बर्फ, कुणी झाडाच्या खोडातली वर्तुळं. देश निराळे, वाटा निराळ्या. आन् एकमेकांची चूक काढायला समदे टपलेले, कारण चूक काढणाऱ्याचंच नाव व्हतं. असल्या भांडखोरांचं एका गोष्टीवर पटलंय. कोळसा आन् तेल जाळून आपण जो वायू हवेत सोडतो, त्यानं धरती तापती आन् पावसाचा मेळ बिघडतो. आता सांगा, अजून कुणाचं ठरायचं राहिलंय?”

विश्वजीत उठून उभा राहिला. मग त्याने स्वतःचाच हात सगळ्यांत आधी वर केला.

“कमान काय, पुढं कवातरी बांधू,” तो म्हणाला. “गिताबाई आन् गेणबाचं जुळतंय, तिथं माझ्या व्हिडिओला कोण इचारतो?”

त्याच्यामागून हातच हात वर झाले. बिरदेवने काठी भिंतीला टेकवली आणि भर सभेत डोळे पुसले. त्याला त्याची लाज वाटली नाही.

निवारा उभा राहिला. वर पत्रा, तीन बाजूंना भिंती, आणि छपराच्या टोकावर कोण? मी! यंदा पौषात हवामान खात्याचा इशारा आला, तेव्हा विश्वजीतनेच माईकवर घसा फोडला. “ग्रुपवर वाचत बसू नका, मेंढरं आधी आत घ्या!” दुपारपासून तेच गार वारं सुटलं, तीच धार लागली. पण या वेळी मेंढरं कोरडी होती. घाईगर्दीत गेणबाचा आणि बिरदेवचा कळप एकमेकांत मिसळले, तेव्हा आता काय रामायण घडतंय, या काळजीने माझा पत्राच थरथरला.

सकाळी ऊन पडलं. दारात एका बाजूला गिताबाई उभी, दुसऱ्या बाजूला गेणबा. दोघांनी बाहेर पडणारा सगळा मिसळलेला कळप वेगवेगळा मोजला, एकमेकांकडे ढुंकूनही न बघता. मग दोघांनी आकडा विश्वजीतच्या दोन कानांत सांगितला. तो मटकन खाली बसला आणि मोठमोठ्याने हसायला लागला. आकडा एकच होता. एकही जनावर गेलं नव्हतं.

“त्यो मेंढा मात्र माझाच व्हता,” गेणबा जाता जाता म्हणाला.

“गप रं,” गिताबाई म्हणाली, “च्या पिऊन जा.”

मित्रांनो, आता माझं एवढंच मागणं आहे. माझी आठवण पाऊस आल्यावर काढू नका, आधीच काढा. अधूनमधून फडकं मारा, तोंडात माश्यांना घर करू देऊ नका. आणि माझ्यातून मोठा आवाज आला, की लगेच मान डोलवू नका. मी कुणालाही मोठा करतो, तो माझा स्वभाव आहे. तुम्ही फक्त विचारा, की याच्याशी ज्याचं पटत नाही, तो गेणबा काय म्हणतो? असं विचारणारी पोरं गावात असली, तर मी या छपरावर बसून आणखी कितीही वर्षं ओरडायला तयार आहे.